३१-१ : न झालेल्या सामन्यांचा हिशेब

जेलन सग्सचा तो शॉट तुम्ही कदाचित पाहिला असेल. ३ एप्रिल २०२१, इंडियानापोलिस. अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना. एका बाजूला त्या मोसमात एकदाही न हरलेला गॉन्झॅगा विद्यापीठाचा संघ, दुसऱ्या बाजूला अगदी पहिल्या, प्राथमिक फेरीपासून धडपडत इथवर पोचलेला यूसीएलए. चाळीस मिनिटांत बरोबरी झाली म्हणून पाच मिनिटांचा ओव्हरटाइम, आणि तोही संपत आलेला. यूसीएलएच्या जॉनी जुझँगचा शॉट चुकला, पण त्यानं स्वतःच रिबाउंड घेऊन बॉल पुन्हा बास्केटमध्ये टाकला. ९०-९०. घड्याळात ३.३ सेकंद. कोरी किस्पर्टनं बॉल सग्सकडे दिला, सग्स अर्ध्या कोर्टाची रेषा ओलांडून दोन पावलं पुढे आला आणि साधारण चाळीस फुटांवरून त्यानं बॉल सोडला. तो बोर्डवर आपटून आत गेला. ९३-९०. सग्स धावत जाऊन स्कोअररच्या टेबलवर चढला आणि हात पसरून उभा राहिला.

हा व्हिडिओ मी किती वेळा पाहिलाय याची मोजदाद नाही. कामाचा कंटाळा आला की पाहतो. आणि मला आठवतं त्याप्रमाणे, पहिल्या पन्नासेक वेळांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती : या व्हिडिओत करोना नाही. सामना सुमारे सत्तर हजार क्षमतेच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये झाला आणि प्रेक्षक होते आठेक हजार. बेंचवरच्या खुर्च्या एकमेकींपासून लांब मांडलेल्या होत्या. पण सग्स टेबलवर चढतो तेव्हा कॅमेरा जवळ जातो, रिकाम्या रांगा चौकटीबाहेर जातात, आणि उरतो तो कुठल्याही वर्षाचा कुठलाही अविस्मरणीय क्षण.

त्या शॉटबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या मोसमाची जी गोष्ट सांगितली जाते तिच्याबद्दल. ती साधारण अशी : गॉन्झॅगा ३१ सामने सलग जिंकला, इतिहास घडवण्याच्या उंबरठ्यावर पोचला, आणि शेवटच्या सामन्यात बेलर विद्यापीठाकडून ८६-७० असा हरला. संकटाच्या वर्षात खेळानं देशाला सावरलं. गोष्टीतले आकडे सगळे बरोबर आहेत. पण त्या मोसमाचं खरं स्वरूप झालेल्या सामन्यांइतकंच न झालेल्या सामन्यांनी ठरवलं, आणि ते सांगायला या गोष्टीत जागाच नाही.

*

ज्यांना हे जग परकं आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. गॉन्झॅगा हे वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातलं जेझुइट विद्यापीठ. त्याच्या घरच्या हॉलमध्ये जेमतेम सहा हजार माणसं बसतात. तरी मार्क फ्यू या कोचनं दोन दशकांत तिथं असा संघ उभा केला, की २०२०-२१ च्या मोसमाआधीच्या क्रमवारीत तो देशात पहिला होता. किस्पर्ट एनबीएच्या ड्राफ्टमधून नाव मागे घेऊन शेवटच्या वर्षासाठी परत आला होता. फ्रान्सचा जोएल अयायी, फ्लोरिडातून बदली होऊन आलेला कॅनडाचा अँड्रू नेमहार्ड, मिशीवाला ड्रू टिमी आणि पहिल्या वर्षाचा सग्स. हा संघ खेळताना बॉल इतका पटापट हातोहाती फिरे, की पाचही जणांना एकच मेंदू आहे असं वाटावं.

आणि ‘न हरता’ या शब्दाचं वजन. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत संपूर्ण मोसम न हरता विजेतेपद मिळवणारा शेवटचा संघ इंडियाना विद्यापीठाचा, १९७५-७६ सालचा, ३२-०. लॅरी बर्डचा इंडियाना स्टेट १९७९ मध्ये न हरता अंतिम सामन्यापर्यंत आला आणि मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून हरला. त्यानंतर अपराजित राहून अंतिम सामना गाठणारा पहिला संघ म्हणजे हा गॉन्झॅगा. योगायोग असा, की करोनामुळे २०२१ ची अख्खी स्पर्धा इंडियाना राज्यातच भरवली होती. पत्रकारांना याहून काय हवं असतं?

*

आता न झालेल्या सामन्यांपैकी पहिला. ५ डिसेंबर २०२०. क्रमवारीतला पहिला गॉन्झॅगा विरुद्ध दुसरा बेलर, तेही इंडियानापोलिसमध्येच. मोसम सुरू होऊन दहा दिवस झालेले. सामन्याला दीडेक तास उरला असताना तो रद्द झाल्याचं जाहीर झालं. गॉन्झॅगाच्या चमूतला एक खेळाडू आणि आणखी एक जण पॉझिटिव्ह आले होते. त्यानंतर गॉन्झॅगाचे आणखी काही सामने रद्द झाले. संघ पुन्हा कोर्टवर उतरला तो १९ डिसेंबरला, आयोवाविरुद्ध, आणि ९९-८८ असा जिंकला.

चार महिन्यांनी, ५ एप्रिलला, हेच दोन संघ याच शहरात अंतिम सामन्यात समोरासमोर आले, आणि समालोचनाला ‘नियती’ सापडली. जो सामना करोनानं हिरावून घेतला तो खेळानं परत मिळवून दिला, असा सूर लागला. मला हा सूर खटकतो. एप्रिलचा सामना हा डिसेंबरचाच सामना उशिरा खेळलेला, असं समजणं म्हणजे मधले चार महिने कुणी जगलंच नाही असं म्हणणं. फेब्रुवारीत बेलर करोनामुळे जवळपास तीन आठवडे बंद होता. परत आल्यावर थोड्याच दिवसांत तो कॅन्ससकडून मोसमातला पहिला सामना हरला, पुढे कॉन्फरन्सच्या स्पर्धेत ओक्लाहोमा स्टेटकडून हरला, आणि मग हळूहळू त्याचा बचाव पुन्हा पहिल्यासारखा धारदार झाला. त्या दोन पराभवांमधून त्यांना काहीतरी कळलं असणार.

गॉन्झॅगाला तसं काही कळायची वेळच आली नाही. २ डिसेंबरला वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध ते ८७-८२ असे जिंकले. त्यानंतर उपांत्य सामन्यापर्यंतचे सलग २७ सामने त्यांनी दहा किंवा जास्त गुणांनी जिंकले. हा विक्रम म्हणून सांगितला जातो, आणि आहेच. पण मला त्यात एक उणीव दिसते : डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत या संघाला कुणी कोंडीत पकडलं नव्हतं. तशी कोंडी करू शकेल असा जो संघ होता, त्याच्याशी ठरलेला सामना यादीतून गेला होता.

अंतिम सामना पुन्हा पाहिला की हे दिसतं. बेलर पहिल्या काही मिनिटांत ९-० नं पुढे गेला. जॅरेड बटलर, डेव्हियन मिचेल आणि मकायो टीग हे तिन्ही गार्ड बॉल घेऊन येणाऱ्याला श्वास घेऊ देत नव्हते. सग्सवर सुरुवातीलाच दोन फाउल लागले. वर्षभर कापसासारखं हलकं वाटलेलं गॉन्झॅगाचं पासिंग जड झालं. मध्यंतराला ४७-३७. पूर्ण सामन्यात गॉन्झॅगाला एकदाही आघाडी मिळाली नाही. अनेकांनी याचं कारण थकवा दिलं, कारण दोनच रात्रींपूर्वी ओव्हरटाइम झाला होता. थकवा असेलही. मला मात्र ते चेहरे थकल्यापेक्षा चकित झालेले वाटतात. असं कुणी आपल्याला अडवू शकतं, हे त्यांना मोसमाच्या बत्तिसाव्या सामन्यात समजत होतं.

५ डिसेंबरचा सामना झाला असता आणि ते हरले असते, तर ‘परिपूर्ण मोसम’ ही कथा जन्मालाच आली नसती, आणि कदाचित एप्रिलमधला संघ जास्त तयार असता. जिंकले असते, तर बेलर वेगळा तयार होऊन आला असता. काय झालं असतं ते कुणालाच कळणार नाही. पण ३१-० या आकड्याच्या झळाळीत एका रद्द सामन्याचाही वाटा होता, एवढं तरी मान्य करायला हवं.

*

दुसरा न झालेला सामना जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या पेशामुळे.

या स्पर्धेत ६८ संघ असतात. हरला की घरी. प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर पडतो, शेवटी एक उरतो, म्हणजे सामने ६७. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात झाडाची रचना शिकवताना आमच्या सरांनी बाद फेरीचंच उदाहरण दिलं होतं. पण २०२१ मध्ये सामने झाले ६६. आणि तरी विजेता एकच निघाला. मग एक पराभव कुठे गेला?

तो २० मार्चला गेला. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटी, म्हणजे व्हीसीयू, आणि ऑरेगन यांचा पहिल्या फेरीतला सामना. सुरू व्हायला तीनेक तास असताना व्हीसीयूला स्पर्धेतून काढण्यात आलं, कारण त्यांच्या संघात दोन दिवसांत एकाहून जास्त जण पॉझिटिव्ह आले होते. नियम असा होता, की पाच निरोगी खेळाडू असतील तर संघ खेळू शकतो. पण स्थानिक आरोग्य खात्याशी बोलून सामना थांबवला गेला. नोंद झाली ‘नो कॉन्टेस्ट’ अशी. ऑरेगन न खेळता पुढे गेला, आयोवाला हरवून आणखी पुढे गेला, मग त्याला यूएससीनं हरवलं आणि यूएससीला गॉन्झॅगानं. म्हणजे झाडातली ती मोकळी जागा गॉन्झॅगाच्याच फांदीवर आहे.

डेटाबेसचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा : शून्य आणि ‘नल’ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. शून्य हे उत्तर आहे. नल म्हणजे उत्तरच नाही, आणि ते शून्य धरून पुढे गेलात तर सगळे हिशेब चुकतात. व्हीसीयूच्या खात्यात तो पराभव धरलेला नाही. त्यांचा मोसम १९-७ असाच राहिला. याचा अर्थ, ६८ संघांपैकी दोनच संघ त्या स्पर्धेतून एकही सामना न हरता घरी गेले. एक विजेता बेलर. दुसरा व्हीसीयू. एकानं बास्केटची जाळी कापून नेली. दुसरा बॅगा भरून निघाला. त्या संघातल्या मुलांनी इंडियानाला येण्याआधी सलग सात दिवस निगेटिव्ह टेस्ट दिल्या होत्या आणि आल्यावर हॉटेलच्या खोल्यांत कोंडून घेतलं होतं.

या स्पर्धेवर दर वर्षी एक ठरलेलं गाणं लावून चित्रफीत करतात आणि अंतिम सामन्यानंतर दाखवतात. उड्या, आलिंगनं, अश्रू. तो प्रकार मला आवडतो, खोटं कशाला बोलू. पण त्या प्रकारात हरणाऱ्याचे अश्रू बसतात, न खेळलेल्याचे बसत नाहीत. हरणं हा गोष्टीचा भाग आहे. न खेळणं हे गोष्टीच्या बाहेर पडतं.

*

यावर काहींनी उपाय सुचवला, की त्या वर्षीच्या विजेतेपदापुढे तारांकन टाकावं : करोनाकाळातलं, म्हणून जरा कमी अस्सल. हे मला अजिबात पटत नाही. तारांकन खेळाडूंच्या नावावर लागतं, आणि खेळाडूंनी काहीही कमी केलेलं नव्हतं. रोज नाकात काडी घालून घेत, घरच्यांना न भेटता, रिकाम्या हॉलमध्ये ते खेळले. प्रश्न विचारायचा तो भरवणाऱ्यांना.

आणि न खेळणं शक्य होतं. आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांनी नोव्हेंबर २०२० मध्येच आपला मोसम रद्द केला. ड्यूकचे माइक शिशेव्हस्की यांच्यासारख्या कोचनं डिसेंबरमध्ये उघड विचारलं, की आपण आत्ता खेळायला हवं का. बाकीचे खेळले. मोसम सुरू झाला तेव्हा अमेरिकेत करोनाबळींचा आकडा अडीच लाखांच्या पुढे होता. अंतिम सामन्याच्या दिवशी तो साडेपाच लाखांच्या पुढे होता.

कारण शोधायला फार खोदावं लागत नाही. १२ मार्च २०२० ला त्या वर्षीची स्पर्धा रद्द झाली, आणि एनसीएए या नियामक संस्थेनं विद्यापीठांना वाटायची रक्कम ६० कोटी डॉलरवरून साडेबावीस कोटींवर आणली. संस्थेचं बहुतांश उत्पन्न पुरुषांच्या या एका स्पर्धेच्या प्रक्षेपणातून येतं. २०१६ मध्ये तो करार आठ वर्षांनी वाढवला गेला, तो ८८० कोटी डॉलरला. दुसऱ्या वर्षी स्पर्धा न होणं परवडणारं नव्हतं.

ज्यांच्या जिवावर हे चालतं त्यांना मिळायची शिष्यवृत्ती, राहणं, जेवण. पगार नाही, आणि तेव्हा जाहिरातीत नाव वापरून कमवायचीही मुभा नव्हती. स्पर्धा सुरू होताना रटगर्स, आयोवा आणि मिशिगनच्या खेळाडूंनी ‘आम्ही एनसीएएची मालमत्ता नाही’ अशी मोहीम काढली. ३० मार्चला गॉन्झॅगानं यूएससीला हरवलं. ३१ मार्चला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या निर्बंधांबद्दल अल्स्टन खटल्याची सुनावणी झाली. ३ एप्रिलला सग्सचा शॉट. २१ जूनला न्यायालयानं शिक्षणाशी निगडित लाभांच्या मर्यादित मुद्द्यावर ९-० असा एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा विकायची परवानगी मिळाली. म्हणजे जो चेहरा त्या टेबलवर चढला, त्याचा तो क्षण जगभर दाखवला जात होता तेव्हा त्यातून कमवायला तो सोडून सगळे मोकळे होते.

*

इथवर लिहून मी हात झटकले असते, तर हा लेख अप्रामाणिक झाला असता. कारण मी तो शॉट पुण्यात, ४ एप्रिलच्या सकाळी, लॅपटॉपवर पाहिला आणि ओरडलो. त्याच आठवड्यात शहरात संध्याकाळी सहापासून संचारबंदी लागली होती आणि सोसायटीच्या ग्रूपवर बेड कुठे मिळेल हे विचारणारे मेसेज येत होते. माझा आवाज ऐकून आई आतून धावत आली. तिला वाटलं, कुणाचा तरी फोन आला. त्या दिवसांत ओरडण्याचा एकच अर्थ होता.

पाच दिवसांनी आयपीएल सुरू झाली. मी तीही पाहिली. ४ मे रोजी ती थांबवावी लागेपर्यंत पाहिली, आणि तोवर आपल्याकडे काय परिस्थिती होती ते वेगळं सांगायला नको. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, की लोकांना दोन घटका विसावा मिळतो. मला तो मिळतही होता. तो विसावा खोटा नव्हता. त्याची किंमत मात्र मी दिलेली नव्हती.

अलाबामा विद्यापीठाच्या संघाचा एक तरुण विद्यार्थी-चाहता संघामागे इंडियानापोलिसला गेला होता. २८ मार्चला अलाबामानं शेवटच्या क्षणी तीन गुणांचा शॉट मारून सामना ओव्हरटाइममध्ये नेला आणि मग ते यूसीएलएकडून हरले. २ एप्रिलला तो चाहता गेला; करोनानं, असं बातम्यांत आलं. लागण कुठे झाली हे कुणी सांगू शकत नाही आणि मीही सांगत नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्याच यूसीएलएविरुद्ध सग्सचा शॉट पडला आणि देश नाचला. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवलेली मला त्या मोसमाच्या फार थोड्या लेखनात सापडली. मोसमाचं टीकात्मक वाचन म्हणजे निदान ती शेजारी ठेवणं, असं मला वाटतं. शॉट पुसायचा नाही. फक्त कॅमेरा थोडा मागे घ्यायचा, म्हणजे रिकाम्या रांगा दिसतील.

*

हे सगळं मला इतकं का लागतं, याचं एक छोटं कारण आहे. मार्च २०२० मध्ये मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आठवा किंवा नववा खेळाडू होतो, म्हणजे बहुतेक वेळ बेंचवर. आमची शेवटची स्पर्धा सुरू होती. उपांत्य फेरीत पोचलो होतो, चार वर्षांत पहिल्यांदा. सामन्याच्या आदल्या दिवशी कॉलेज बंद झाल्याची नोटीस आली. आम्ही जर्सी परत केल्या आणि आपापल्या गावी गेलो. पुढे व्हायव्हा ऑनलाइन झाली, नोकरी ऑनलाइन लागली. तो सामना कुठेच नोंदवलेला नाही.

आमचा कॅप्टन आता हैदराबादला असतो. वर्षातून एकदा आम्ही भेटतो तेव्हा तो न चुकता म्हणतो, त्या स्पर्धेत आपण हरलोच नाही रे. सगळे हसतात. तो बरोबरच सांगतोय. आम्ही हरलो नाही, आणि व्हीसीयूही हरलं नाही.